चाकूचा फोटो काढायच्या आधी पंखा बंद कर

अगं,

तू काल रात्री पाठवलेले तुझ्या चाकूंचे चौदाच्या चौदा फोटो बघितले. फोनवर टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलोय आणि सगळं एकदाच लिहून टाकतो. पहिलं म्हणजे व्हॉट्सॲपवर फोटो असेच टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते दाबून दाबून फोटोचा पार लगदा करतं आणि मग मला कळत नाही की फोकस तुझा गेलाय की त्याने खाल्लाय.

फोटो वाईट नाहीयेत. पण खरं सांगू का, चौदातल्या अकरा फोटोंत मला चाकू दिसलाच नाही, तुझ्या खोलीतली ट्यूबलाइट दिसली. एकात तर तूच दिसलीस, पिवळा टीशर्ट, दोन्ही हात वर. त्या व्हिक्टोरिनॉक्सच्या, म्हणजे घडीच्या स्विस चाकूच्या, मोठ्या पात्यात झूम करून बघ, खोटं सांगत असेन तर.

तर सगळी गोम इथेच आहे. पातं म्हणजे आरसा. त्याच्यासमोर जे असेल तेच फोटोत येणार. मी इथे नाशिकच्या अंबडला एका कंपनीच्या कॅटलॉगसाठी ग्राइंडिंग केलेले पार्ट शूट करायचो तेव्हा सुरुवातीला लाइट कमी पडतोय समजून एकेक दिवा वाढवत बसायचो, आणि पार्ट तितकेच काळेकुट्ट, मधे फक्त दिव्याचा एक पांढरा डाग. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी पॅकिंगचा थर्माकोल टेबलाला टेकवून ठेवून गेलं आणि मी परत येऊन बघतो तर पार्ट असा उजळलेला की बास. पार्टवर लाइट मारायचाच नसतो, पार्टला जे दिसतंय त्याच्यावर मारायचा असतो. हे कळायला मला दोन महिने लागले, तुला दोन मिनिटांत सांगतोय, त्यामुळे त्याची किंमत वाटणार नाही, असो.

आता तू काय कर. ट्यूब बंद, कारण ट्यूब आणि खिडकी एकत्र आले की रंग हिरवट होतात आणि मग एडिटिंगमधे रडत बसावं लागतं. टेबल खिडकीला लाव, खिडकीच्या काचेवर बटर पेपर नाहीतर ट्रेसिंग पेपर चिकटव. पंखा बंद कर, हे मी हसण्यावारी सांगत नाहीये, बटर पेपर फडफडला की उजेड हलतो, आणि माझा एकदा आख्खा थर्माकोल उडून उघड्या चाकूवर पडला होता. मग खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा कर. आता चाकू हलवायचा नाही, फोन पण स्टँडवर, फक्त थर्माकोल हातात धरून हळूहळू पुढेमागे वाकवत राहा आणि स्क्रीनवर पात्याकडे बघ. एका कोनाला पातं टोकापासून बुडापर्यंत दुधासारखं पांढरं होतं. थांब तिथेच, पण एवढ्यावर क्लिक करू नकोस, कारण आता ते कागदाच्या कपट्यासारखं सपाट दिसतंय. काळ्या कार्डशीटची दोन बोटं रुंद पट्टी काप आणि थर्माकोलच्या पुढे धर. तिची काळी रेघ पात्यात उतरते, आणि जिथून पातं धारेकडे उतरायला लागतं ती कड एकदम उठून दिसते. पट्टी अर्धा इंच सरकवली तरी रेघ कुठच्या कुठे जाते. यातच तुझी दुपार जाणार आहे, जाऊ दे.

सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची चमक मारणारी काच, घेऊ का विचारलं होतंस. पात्यासाठी नको. धातूची चमक त्याने कमी होत नाही. तुझ्या दुसऱ्या घडीच्या चाकूच्या, ओपिनेलच्या, लाकडी मुठीवरच्या व्हार्निशची किंवा व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल मुठीची होते, पण तेवढ्यासाठी पैसे घालवण्यापेक्षा साधा ट्रायपॉड घे.

फोनने काढतेस ते ठीकच आहे, फक्त चाकूच्या नाकाशी जाऊ नकोस. जवळ गेलं की मुठीचं जवळचं टोक हत्तीच्या पायासारखं आणि पातं सुईसारखं येतं. दोन पावलं मागे ये आणि २एक्स झूमवर काढ, स्क्रीनवरच्या पात्यावर बोट दाबून फोकस लॉक कर, तिथेच उजेड थोडा खाली ओढ म्हणजे चमक पांढरीफट्ट होणार नाही, आणि दोन सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबतानाच फोन हलतो. मामाचा कॅमेरा मिळाला तर आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) १०० आणि एफ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) ८ ते ११ च्या मधे राहा. एफ २२ ला सगळं शार्प येईल असं वाटतं पण उलट सगळंच थोडं मऊ पडतं.

व्हिक्टोरिनॉक्सची सगळी हत्यारं मोरासारखी पिसारा करून का उघडलीस? प्रत्येक हत्याराचा कोन वेगळा, म्हणजे प्रत्येक आरसा वेगळीकडे बघतोय, एक पांढरं झालं की दुसरं काळं. मोठं पातं आणि फार तर कॉर्कस्क्रू, बास. १८९७ साली व्हिक्टोरिनॉक्सवाल्या कार्ल एल्सनरने त्या ऑफिसर्स नाइफचं, म्हणजे याच चाकूच्या मूळ रूपाचं, पेटंट घेतलं तेव्हा खरी करामत ही होती की दोन्ही बाजूंची हत्यारं एकाच पाठीच्या स्प्रिंगवर बसवली. मग तेच दाखव ना, मुठीच्या पाठीकडून एक फोटो काढ, स्प्रिंगा आणि मधल्या पट्ट्या दिसू देत. तो फोटो कोणीच काढत नाही.

ओपिनेलचं उलटं आहे, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. लाकूड, पातं, आणि गळ्यातली ती फिरणारी लोखंडी रिंग. कंपनी १८९० ची आहे पण रिंग आली १९५५ ला, त्याआधी उघडलेलं पातं लॉक होत नसे. तुझ्या फोटोत रिंगची फट नेमकी पलीकडे गेलीये, त्यामुळे ती लॉक आहे की नाही तेच कळत नाही. फट आपल्याकडे फिरव. आणि पात्यावरचा मुकुटवाल्या हाताचा शिक्का दिसला पाहिजे आणि त्याखालची अक्षरं वाचता आली पाहिजेत, पातं कार्बन स्टीलचं आहे का इनॉक्सचं (स्टेनलेसचं) ते तिथेच लिहिलेलं असतं. अक्षरांसाठी वरचा सगळा पसारा बाजूला ठेव, एकच टॉर्च टेबलाच्या उंचीवर आडवी धर, उजेड पात्याला घासून गेला पाहिजे. पुसट झालेला शिक्का पण वर येतो. बुधवारच्या बाजारात घाटावर जुने चाकू मिळतात त्यांचं काहीही वाचता येत नाही, त्यांच्यावर हे करून बघ, मजा येते.

आता तुझ्या आजोबांच्या कलमाच्या, म्हणजे झाडांची कलमं करायच्या, चाकूबद्दल. तू लिहिलंयस की तो काळा पडलाय, घासून चकचकीत करून मग परत फोटो पाठवते. हात लावू नकोस त्याला!! माझ्याकडे असाच एक होता, आमच्या काकांचा, पिंपळगावला द्राक्षाची कलमं बांधायचे ते. मी मोठा हौशी, फोटो छान यावा म्हणून पितळी भांड्यांच्या पावडरीने तासभर घासला. चकाचक झाला. पात्यावर निळसर राखाडी रंग चढला होता तो गेला, काकांनी अंगठा ठेवून ठेवून एक फिकट जागा झाली होती ती गेली, बुडाशी दोन अक्षरं होती ती पण गेली. आता माझ्याकडे त्याचे चाळीस सुंदर फोटो आहेत, आणि त्यातला चाकू दुकानातून कालच आणल्यासारखा दिसतो. घासायच्या आधीचा एकच फोटो आहे, कुणाच्या तरी मुंजीत काका सुपारी फोडायला अडकित्ता शोधतायत आणि खिशातून चाकू डोकावतोय, तोही हललेला.

म्हणून तुझ्या आजोबांच्या चाकूचा आत्ता आहे तसाच फोटो काढ. फक्त मऊ फडक्याने धूळ झटक. नारिंगी गंज असेल तर तो वाढतो, त्याचं बघू नंतर, पण तो काळपट निळा रंग म्हणजे गंज नव्हे, कार्बन स्टीलवर फळांच्या आंबट रसाने चढतो तो, पात्याला थोडं सांभाळतोच. कलमाच्या चाकूची एक बाजू सपाट असते आणि उतार एकाच बाजूला, काप सरळ यावा म्हणून, त्यामुळे त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो हवेतच, शिवाय टोकाकडून समोरून एक, म्हणजे तो एकतर्फी उतार दिसेल. मूठ कुठे झिजलीये बघ, आजोबा डावखुरे होते का ते कळेल त्यावरून. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून एक काढ, ते २७ मिलिमीटर असतं, आकाराचा अंदाज येतो. खाली काय घालायचं विचारशील तर तुमच्याकडचा कडप्प्याचा तुकडा पुरे, ते फोटोतलं फुलाफुलांचं टेबलक्लॉथ काढ बाई.

फोटो झाले की हात लागलेलं पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरव. घामाने बोटांचे ठसे गंजून उमटतात, पावसाळ्यात तर दोन दिवसांत. तेल आधी लावू नकोस, फोटोत तेलकट दिसतं.

आणि रामकुंडावर पाणी बॅकग्राउंडला घेऊन शूट करायची आयडिया विसर. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला कायद्यात वेगळे नियम आहेत आणि तुझे सगळे चाकू त्याच्या निम्मेही नाहीत हे मला माहितीये, पण घाटावर गर्दीत उघडा चाकू घेऊन बसलेल्या मुलीला हवालदार टेप घेऊन मोजत बसणार नाही. गच्चीवर काढ.

आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी तर बटर पेपर पण लागत नाही, आख्खं आभाळच बटर पेपर असतं. रविवारी पावसाचं लक्षण दिसतंय, दहाच्या सुमारास ये, कलमाचा चाकू रुमालात गुंडाळून आण आणि काळी कार्डशीट घेऊन ये, माझ्याकडची उंदराने खाल्लीये.

काका