गाडीघोडा : गेवराईची कॅम्पर काझापर्यंत जाईल का?

प्रश्न : दादा, माझ्याकडं 2008 ची बोलेरो कॅम्पर आहे, डीआय इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह. वडिलांनी घेतलेली, कापूस, खताच्या गोण्या, लग्नाची भांडी, सगळं वाहिलं तिनं. आता जूनच्या शेवटी मला अन दोन मित्रांना ती घेऊन हिमाचलातल्या स्पीतीला, काझापर्यंत जायचंय, त्याआधी इकडं बालाघाटात सराव करू म्हणतो. बजेट दीड लाख. गॅरेजवाला म्हणतो गाडी उचलून म्हणजे जमिनीपासून उंच करून घ्या, 31 इंची टायर टाका, पुढं लोखंडी बंपर, वर कॅरिअर अन एलईडी बार. आत्ता 215/75 आर15 टायर आहेत. घरचे म्हणतात जुन्या गाडीला कामून सजवायलास, विकून टाक. काय करू? (एक वाचक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : भाऊ, विकू नका. तुमच्या त्या 2523 सीसी इंजिनाला साधा मेकॅनिकल डिझेल पंप आहे, ना सेन्सर ना कॉम्प्युटर, म्हणजे वाटेत काही झालं तर डिझेलचं काम करणारा कुठलाही मेकॅनिक पाना घेऊन बसू शकतो, स्कॅनर शोधत फिरायची गरज नाही. लांबच्या रस्त्याला हीच तिची खरी ताकद आहे. पण गॅरेजवाल्यानं जी यादी दिली ती सगळी फोटोत दिसणारी आहे, आणि गाडी घाटात बंद पडते ती फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींमुळं, म्हणून पैसा आधी तिकडं घाला.

पहिलं इंजिन. गाडी चांगली गरम करा, स्लोला चालू ठेवा, ऑइल टाकायचं झाकण काढून तसंच तोंडावर उलटं ठेवा. जरा थरथरलं तर काळजी नाही, उडून बाजूला पडलं आणि भसाभस धूर यायला लागला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग दीड लाखातला मोठा हिस्सा इंजिनालाच जाणार हे धरून चाला, बाकीचं पुढच्या वर्षी.

मग रेडिएटर. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो, त्यात अठरा वर्षांची जाळी, आत गाळ साचलेला. उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढून घ्या, पाइप, बेल्ट, थर्मोस्टॅट नवीन टाका, आणि रेडिएटरचं झाकण कंपनीचंच घ्या. हे झाकण लोक फार हलक्यात घेतात. काझाच्या पुढं 'कुंझुम ला' ही खिंड आहे, साडेचार हजार मीटरच्या वर, तिथं उघडं पाणी साधारण 85 डिग्रीलाच उकळतं, रेडिएटरमधलं पाणी उकळत नाही ते फक्त त्या झाकणानं धरलेल्या दाबामुळं, रबर कडक झालेलं झाकण असेल तर तिथं गाडी उकळणारच. तिथं हवाही आपल्याकडच्या निम्म्यापेक्षा थोडीच जास्त, म्हणून ताकद वाढेल म्हणून पंप वाढवून घ्यायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, जास्तीचं डिझेल जाळायला हवाच नसते, नुसता काळा धूर निघतो आणि इंजिन तापतं. एअर फिल्टर नवा ठेवा, नोझल तपासून घ्या, बास.

ब्रेकबद्दल थोडकंच सांगतो पण इथं एक रुपया वाचवू नका. लायनर, सिलिंडर किट, पाइप आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदला. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी धरतं, लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल एकदम खाली जातं.

आता गाडी उचलायचं. तुमची गाडी मालाची, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मालासाठी बनवलेले, इतक्या वर्षांच्या ओझ्यानं ते बसलेले असणार. पाटेवाल्याकडं नेऊन कमान मारून घ्या, सगळे बुश, शॅकल, यू-बोल्ट नवे टाका, चांगले शॉकॲब बसवा. गाडी मुळात होती तेवढी वर येईल आणि तुमच्या कामाला तेवढं पुरतं. जादा पाटा घालू नका, तीन माणसं अन थोडं सामान घेऊन तसली गाडी दगडावर नुसती उड्या मारते, मणक्याचं वाटोळं होतं.

टायरचा हिशोब बघा. 215/75 आर15 ची उंची साधारण 703 मिलिमीटर, 31 इंची टायरची 787, म्हणजे बारा टक्क्यांनी मोठं चाक. तेवढी गाडीची ओढ कमी होणार, चढाला क्लच जळणार, ब्रेकला जास्त जोर लागणार, आणि वळताना टायर मडगार्डला घासणार ते वेगळंच. त्यापेक्षा 235/75 आर15 ऑल टेरेन बघा, उंची 733, जमिनीपासून दीड सेंटिमीटर जास्त मिळतो, स्पीडोमीटर चार टक्के कमी दाखवेल एवढंच लक्षात ठेवा. तेही आधी एक चाक चढवून पूर्ण वळवून बघा अन मगच पैसे द्या. सोबत बारा व्होल्टचा हवेचा पंप घ्या, कारण वाळूत हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि अडकलेली गाडी निघून येते, डांबरीवर आल्यावर परत भरायची.

बंपर नकोच. असल्या क्रॅशगार्डला केंद्र सरकारनं 2017 सालीच बेकायदा म्हटलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्यात मनानं बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही 2019 ला हेच सांगितलं. हौद्यावर झोपायला पत्र्याचं टप वेल्डिंग करून बसवायचं मनात असेल तर आधी आरटीओत विचारा, लेखी घ्या. मालवाहू पासिंगची गाडी परराज्यात न्यायचा टॅक्स अन फिटनेसची तारीखही तिथंच तपासून घ्या, आठ वर्षांच्या पुढच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी लागतं.

एलईडी बारचे पैसे वाचले त्यात एक काम करा जे कुणी सांगत नाही. मागच्या अन पुढच्या एक्सलच्या हौजिंगवर, म्हणजे गिअर-ऑइलच्या लोखंडी डब्यावर, हवा सोडायचा छोटा ब्रीदर असतो, त्याला डिझेलचा रबरी पाइप जोडून वर बॉडीपर्यंत न्या. मी स्वतः हे न करता एका ऑगस्टमध्ये सिंदफणेच्या पात्रातून जीप काढली होती, पाणी हबच्या जरा वर, गाडी मस्त निघाली, मी खूश. आठ दिवसांनी मागून कुईं आवाज. ड्रेन बोल्ट खोलला तर ऑइल नाही, दुधाचा चहा बाहेर आला. तापलेलं हौजिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. बेअरिंग गेलं, पिनियन गेलं. पाइप टाकला असता तर दोनशे रुपयात भागलं असतं. स्पीतीच्या वाटेवर बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं, दुपारी वाढतं, असे ओढे सकाळीच पार करा.

बालाघाटातल्या सरावाबद्दल : आपल्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर गाडी घालू नका. कुठलंही महागडं मड टायर असू दे, दोन चक्करांत खाचा भरून चाक गुळगुळीत होतं, मग फोर व्हील असो की आणखी काही, चारही चाकं जागच्या जागी फिरतात. शेतकऱ्याची लेकरं आहात, वापसा कशाला म्हणतात तुम्हाला सांगायला नको, पेरणीला थांबता तसं गाडीलाही थांबा. मुरमाड माळ धरा, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका.

राहिला रस्ता. दिल्ली-एनसीआरमध्ये (दिल्ली अन भोवतालचे जिल्हे) दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं (एनजीटी) 2015 ला आणि सुप्रीम कोर्टानं 2018 ला बंदी घातली, त्यामुळं तिकडून जायचंच नाही. आणि गंमत म्हणजे तुमच्या गेवराईवरून जाणारा 52 नंबरचा हायवे तुम्हाला धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, सीकर करत थेट हिसारला नेतो. तो पुढं पंजाबात संगरूरपर्यंत आहे पण मध्ये जींद जिल्हा लागतो अन तो एनसीआरमध्ये मोडतो, म्हणून हिसारहून फतेहाबाद, सिरसा, भटिंडा, पटियाला करत चंदीगडला पोचा. वर चढताना शिमला-किन्नौरची बाजू धरा, उंची हळूहळू वाढते, अंगाला सवय होते.

सामान कॅरिअरवर नाही, हौद्यात, केबिनला चिकटून, खाली. वीस लिटर डिझेलचा कॅन सतरा किलो होतो, चाळीस लिटर पाणी चाळीस किलो, हे वजन डोक्यावर घेऊन कडेच्या उताराला गाडी कलते तेव्हा पोटात गोळा येतो. घरच्यांना सांगा, सजवत नाही, दुरुस्त करायलोय.

प्रश्न : वडिलांची जुनी डिझेल जीप मी आता स्वतः चालवते. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट होत नाही, फिल्टरवरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा मारला की लगेच होते. बॅटरी नवी आहे. अशा गाडीवर लांब जाऊ का? (एक वाचक, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : ताई, जा, पण आधी हे काढा. हातपंपानं चालू होते म्हणजे लाइन हवा घेतेय, रात्रीतून डिझेल टाकीकडं परत उतरतं. फिल्टर आणि इंजिनावरच्या डिझेल पंपाच्या मधला पाइप काढून तिथं तेवढाच पारदर्शक डिझेलचा पाइप क्लिपा लावून बसवा, गाडी चालू करून टॉर्चच्या उजेडात बघा. बुडबुडे दिसले तर दोष त्याच्या मागं टाकीच्या बाजूला आहे, मग एकेक जोड बदलत जा : बँजो बोल्टचे (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर, टाकीवरचा चिरलेला होज, आणि हातपंपाचा स्वतःचा वॉल्व्ह, बहुतेक वेळा हाच असतो. बाहेर डिझेल गळताना दिसणार नाही, कारण तिथं लाइन ओढते, ढकलत नाही. जुने वॉशर घासून परत लावू देऊ नका, आणि नव्याचं एक पाकीट डॅशबोर्डात टाकून ठेवा.