खाडीवरची तिरीप आणि नंबरचा गॉगल

सुटीच्या दिवशी गळ घेऊन खाडीवर जाणाऱ्या वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर प्रश्न आले आहेत. रोजचा चष्मा लागतो आणि उन्हात पाण्याकडे पाहवत नाही, तर पोलराइज्ड गॉगल कसा निवडावा, हा तो विषय. चष्म्याच्या काउंटरमागे उभे राहून मी जे शिकलो, त्या आधारे ही उत्तरे देत आहे.

ऐरोलीहून एक वाचक लिहितात: माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ३.२५ असून सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) उणे १ आहे. कानशिलापर्यंत वळलेल्या स्पोर्ट्स फ्रेममध्ये नंबरच्या पोलराइज्ड काचा हव्या आहेत, पण दुकानदार नको म्हणतो. तो टाळाटाळ करतो आहे का? आणि या काचांतून पाण्यातला मासा दिसतो, हे खरे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यतः आडवी असतात आणि पोलराइज्ड काचेतला पातळ पडदा नेमका हा आडवा प्रकाश अडवतो. पाण्याच्या बाबतीत हा परिणाम उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांवर सर्वाधिक असतो. ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये मांडलेल्या नियमावरून हा कोन निघतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, आपला डोळा पाण्यापासून जितका उंच, त्याच्या सुमारे १.३३ पट अंतरावरची चकाकी सर्वांत चांगली कापली जाते. जेट्टीवर उभे असताना डोळा पाण्यापासून साडेचार मीटर उंच असेल, तर समोर सहा मीटरच्या आसपासचे पाणी सर्वांत स्वच्छ दिसेल; अगदी पायाखाली किंवा फार दूर परिणाम कमी होईल.

परंतु तिरीप गेली म्हणून गाळ जात नाही. ठाण्याच्या खाडीचे पाणी गढूळ आहे आणि कोणतीही काच ते निवळत नाही. खोलातला जिताडा मासा या गॉगलमधून दिसणार नाही. दिसेल ते वेगळे आणि तितकेच कामाचे असते: बोयी माशांच्या थव्याने पाण्यावर उठवलेली बारीक लहर, ओहोटीला पाण्याच्या जेमतेम खाली राहिलेला खुंट, तिवरांची मुळे, आणि आपली दोरी पाण्यात शिरते ती जागा.

आता फ्रेमविषयी. दुकानदाराचे म्हणणे रास्त आहे. फार वळलेल्या फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर तिरकी बसते, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारा नंबर, विशेषतः सिलिंडर आणि त्याचा ॲक्सिस म्हणजे कोन, कागदावरच्या नंबरपेक्षा बदलतो. शिवाय उणे नंबरची काच कडेला जाड होते आणि रुंद फ्रेममध्ये ती जाडी आणखी वाढते. फ्रेमची वक्रता मोजून नंबरात दुरुस्ती करून काच बनवता येते. पण ते काम करणारी लॅब हवी आणि खर्चही बराच येतो. आपल्या नंबरला मी मध्यम वळणाची, आटोपशीर मापाची, चेहऱ्याला जवळ बसणारी आणि रुंद दांड्यांची फ्रेम सुचवेन. बाजूने येणारे ऊन रुंद दांडीच अडवते.

काच घेताना दोन गोष्टी आवर्जून तपासून घ्याव्यात. दोन बाहुल्यांमधील अंतर त्याच फ्रेमवर मोजलेले असावे, आणि दोन्ही काचांतला पडदा आडव्या रेषेत बसलेला असावा. एक काच काही अंशांनी फिरलेली असेल तर एका डोळ्याला चकाकी दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, आणि तासाभरात डोके दुखू लागते. अशा वेळी गिऱ्हाईक नंबरला दोष देते, असा माझा अनुभव आहे. काचेच्या आतल्या बाजूस प्रतिबिंबरोधक लेप घ्यावा, कारण पाठीमागचे ऊन त्या बाजूवरून थेट डोळ्यात परावर्तित होते. काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या सहजी न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची असावी. अडकलेला गळ ओढताना तो एकदम सुटला की दोरीला बांधलेले शिसे सरळ तोंडावर येते, हे आपल्याला मी सांगायला नको.

नेरूळहून एक वाचक, वय ५४: चाळिशीमुळे मी प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो. गॉगलही तसाच करावा का?

माझे मत नकारार्थी आहे. प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना पाऊल नेमके त्याच भागातून पाहिले जाते आणि पायरी धूसर दिसते. केवळ गरीला गाठ मारण्यापुरते जवळचे पाहायचे असेल, तर काच दूरच्या नंबरची ठेवून वाचायचा तयार चष्मा गळ्यात अडकवावा. ते जमत नसल्यास लहान खिडकीचा (म्हणजे जवळच्या नंबरच्या छोट्या भागाचा) बायफोकल करावा आणि ती खिडकी नेहमीपेक्षा थोडी खाली बसवून घ्यावी. ज्यांचा दूरचा नंबर उणे २.५० च्या आसपास आहे, त्यांना तर गॉगल काढला की ४० सेंटिमीटरवरची गाठ उघड्या डोळ्यांनी दिसते.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून एक वाचक भगिनी विचारतात: बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. ते रस्त्यावरून घेतलेला काळा गॉगल चष्म्यावरून घालून होडीवर जातात. तो पोलराइज्ड आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते. हे कसे पडताळावे?

जवळच्या किराणा दुकानातला साधा कॅल्क्युलेटर मागून घ्यावा. त्याच्या आकड्यांकडे गॉगलमधून पाहत गॉगल हळूहळू चौथाई फिरवावा. काच पोलराइज्ड असेल तर एका स्थितीत कॅल्क्युलेटरचा पडदा काळा दिसतो. काहीच बदल झाला नाही, तर ती नुसती रंगवलेली काच आहे. अतिनील किरण अडवतो की नाही, हे मात्र या परीक्षेतून कळत नाही. त्यासाठी दुकानातल्या यूव्ही मीटरवर काच तपासावी. नुसती काळी आणि अतिनील न अडवणारी काच गॉगल न घालण्यापेक्षा वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण अधिक प्रमाणात आत शिरतात. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिर झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत नंबरचा गॉगल करू नये. तोवर चष्म्यावर बसणारा, कडेनेही झाकणारा मोठा पोलराइज्ड गॉगल बाबांना घेऊन द्यावा. चष्म्यावर अडकवायची पोलराइज्ड क्लिप मी सुचवणार नाही, कारण होडीवर खारे तुषार तिच्या आणि काचेच्या मध्ये जाऊन बसतात. पाण्यावर कधी जायचे, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

वाशीहून: रंग कोणता घ्यावा? निळा आरसा चांगला दिसतो.

दिसतो खरा. गढूळ, उथळ खाडीसाठी तपकिरी किंवा तांबूस काच घ्यावी, तिने उजेड आणि सावली यांतला फरक उठून दिसतो. भर दुपारी खुल्या समुद्रावर करडी काच बरी. आरसा हा वरचा लेप असतो, आतल्या काचेचा रंग वेगळा विचारून घ्यावा. काचेच्या गडदपणाची श्रेणी ३ पुरेशी आहे, ती ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. श्रेणी ४ ची काच घालून पाम बीच रस्त्यावर गाडी चालवू नये.

घणसोलीहून: कॉन्टॅक्ट लेन्सवर साधा पोलराइज्ड गॉगल चालेल का?

चालेल, आणि मग वळलेली स्पोर्ट्स फ्रेमही निर्धास्त घेता येईल. मात्र खाडीचे पाणी डोळ्यात उडाले तर लेन्स लगेच काढावी. त्यासाठी हात धुण्यापुरते गोडे पाणी, साबण आणि रोजचा चष्मा पिशवीत असावा. आमिषाच्या हातांनी लेन्सला स्पर्श करू नये.