टूर द फ्रान्स पाहायची, तर एका घाटाखाली मुक्काम करावा

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूझला राहते. पुढच्या जुलैत आम्ही पती-पत्नी दहा दिवस तिच्याकडे जाणार आहोत. दोघांचीही साठी उलटली आहे. टूर द फ्रान्सच्या मार्गाने गाडीतून फिरत रोज एक टप्पा पाहावा आणि वाटेतल्या प्रांतांचे पदार्थ, वाइन व स्थळे यांचाही आस्वाद घ्यावा, असा बेत आहे. तो जमेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोज एक टप्पा पाहण्याचा बेत आपण सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही सायकलशर्यत २३ दिवसांत २१ टप्पे आणि सुमारे ३,४०० किलोमीटर अंतर कापते. एका टप्प्याची समाप्ती आणि दुसऱ्या दिवशीचा प्रारंभ पुष्कळदा एकाच गावी नसतो. शर्यतीच्या मागे धावणाऱ्याचा दिवस बंद रस्त्यांना वळसे घालण्यात, गाडी लावायला जागा शोधण्यात आणि रात्रीची खोली मिळवण्यात जातो, आणि जेवण महामार्गावरच्या पेट्रोलपंपाशेजारी उरकावे लागते. ज्या प्रांतांची चव घ्यायला आपण निघालात, ते सगळे खिडकीतूनच मागे पडतात.

त्याऐवजी एकच प्रदेश निवडावा, तिथे आठवडाभर राहावे आणि शर्यतीला आपल्या दाराशी येऊ द्यावे. मुलगी तुलूझला असल्यामुळे आपल्यासाठी पिरेनीज पर्वताचा बिगोर हा भाग सर्वांत सोयीचा आहे. शर्यत १९१० साली पहिल्यांदा या पर्वतातले मोठे घाट चढली आणि त्यानंतर जवळजवळ दरवर्षी या बाजूला येत राहिली. मार्ग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये जाहीर होतो. तो कळला की त्याच आठवड्यात खोली ठरवून टाकावी.

घाटाचा आग्रह का, तेही सांगतो. सपाट रस्त्यावर सगळा जथा एका मिनिटाच्या आत आपल्यासमोरून निघून जातो. चाकांचा एक लांबलचक सरसर आवाज आणि रंगांचा पट्टा, एवढेच हाती लागते. चढावर मात्र जथा फुटतो. पहिला स्वार आणि शेवटचा स्वार यांच्यात अर्ध्या तासाहूनही अधिक अंतर पडू शकते, आणि प्रत्येकाचा चेहरा, उघडे तोंड, हँडलवरची घट्ट मूठ हातभर अंतरावरून दिसते. स्वारांच्या सुमारे दोन तास आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो. ही प्रथा १९३० पासूनची आहे, आणि त्यांतून उधळलेल्या टोप्या व खाऊ झेलायला आजी-आजोबाही नातवंडांच्या बरोबरीने पुढे सरसावतात. मग रस्ता शांत होतो, आणि दरीतून हेलिकॉप्टरचा आवाज वर येऊ लागला की सगळे उठून उभे राहतात. घाटाचा रस्ता गाड्यांसाठी कित्येक तास आधीच बंद होतो. म्हणून सकाळीच निघावे आणि पायी झेपेल तेवढेच चढावे. भरपूर पाणी आणि एक गरम कपडा जवळ ठेवावा, कारण तिथे जुलैतही दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येतो.

तूरमाले हा तिथला थोरला घाट २,११५ मीटर उंचीवर आहे. पूर्वेच्या बाजूने त्याच्या पायथ्याशी सेंत-मारी-द-कांपाँ हे छोटेसे गाव आहे. तिथल्या जुन्या लोहारशाळेपाशी जरूर थांबावे. १९१३ साली तूरमाले उतरताना यूजेन क्रिस्तॉफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचे चाक धरणारा चिमटा मोडला. ती खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत या गावी आला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाने बंदी असल्यामुळे त्याने स्वतः भट्टीवर लोखंड तापवून चिमटा सांधला. परंतु एका पोराने भाता हलवला, म्हणून पंचांनी त्याला वर वेळेचा दंड ठोठावला. जिंकण्याची संधी गेलेली असूनही तो पुन्हा सायकलीवर बसला आणि त्याने शर्यत पुरी केली. या घटनेचा फलक तिथे लावलेला आहे.

याच खोऱ्यात एक केक होतो, तो विकत घेण्याआधी होताना पाहावा. लाकडाच्या जाळासमोर आडवा शंकू फिरत असतो. त्यावर लोणी, अंडी, साखर आणि मैद्याचे सरसरीत पीठ पळीने घालतात. फिरता फिरता पिठाचे ओघळ बाहेर येतात आणि तिथेच भाजून त्यांचे काटे होतात. थर सोनेरी झाला की पुढची पळी, असे कित्येक तास चालते. भाजणाऱ्या बाईंचे गाल जाळाने लाल झालेले असतात आणि हात एका लयीत चाललेला असतो. कापल्यावर आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. त्याला ‘गातो आ ला ब्रोश’ म्हणतात.

जेवणात गार्ब्यूर मागवावे. कोबी, बटाटा, सलगम, पांढरा घेवडा आणि बदकाचे किंवा डुकराचे मांस घालून मंद आचेवर शिजवलेले हे दाट कालवण मूळचे शेतकऱ्यांचे जेवण आहे. ताटलीच्या तळाशी थोडा रस्सा उरला की त्यात लाल वाइन ओतून ताटली तोंडाला लावायची, अशी तिथली जुनी रीत आहे. तीत कोणी अशिष्टपणा मानत नाही. घेवडा तार्ब गावच्या परिसरातला. तो परंपरेने मक्याच्या ताटांवर चढवतात, आणि जुलैत शेतांच्या कडेने जाताना ती जोडी आपल्याला दिसेल.

आपण नाशिकचे आहात, म्हणून वाइनविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव ठळक असते. तिथे बहुधा गावाचे किंवा मुलखाचे नाव असते आणि द्राक्ष कोणते, हे ग्राहकाने जाणून घ्यायचे असते. तार्बच्या उत्तरेला मादिराँ आहे. तिथली लाल वाइन मुख्यतः तान्ना या द्राक्षाची, गडद आणि जिभेला तुरट लागणारी असते. नुसती प्यायली तर ती कठोर वाटेल, पण बदकाच्या चरबीबरोबर तिचा तुरटपणा उपयोगी पडतो, आणि ही सांगड तिथल्या शेतातच जमलेली आहे. पो शहराच्या दक्षिणेला ज्युरांसोंच्या टेकड्या आहेत. तिथे मांसाँ जातीची द्राक्षे गोड वाइनसाठी वेलीवरच सुकू देतात आणि तोडणी नोव्हेंबरपर्यंतही लांबते. नाशिकची काढणी जानेवारी ते मार्चची. त्यामुळे आपण जुलैत तिथे गेलात तर घड हिरवे आणि टणक असतील, पण ओळींची मशागत, छाटणीची तऱ्हा आणि उतारावरची लागवड पाहून आपल्याला पुष्कळ काही कळेल. गाडी चालवणाऱ्याने मात्र चव घेऊन थुंकावे. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही तिथली कायदेशीर मर्यादा आहे, आणि घाटरस्त्यावर तेवढीही घेऊ नये असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडे चालते. या भागात उपासमार होईल का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : उपासमार होणार नाही, पण विचारून खावे लागेल. पाटीवर ‘भाज्यांचे सूप’ लिहिलेले असले तरी ते मांसाच्या रश्श्यात शिजवलेले असू शकते. ‘साँ व्यांद’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढे सांगून भागत नाही. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पुष्कळांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत, म्हणून ‘साँ लार्दों’, म्हणजे ‘त्या तुकड्यांशिवाय’, हेही जोडावे. चीजबद्दल स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तिथली बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ते आपल्याला चालत नसेल तर दुकानात चौकशी करूनच घ्यावे. कांदा, मिरची आणि टोमॅटो परतून त्यात अंडे घातलेले पिपराद हे बास्क भागातले भाजीवजा पक्वान्न आपल्याला घरचे वाटेल. मात्र बरोबर येणारा हॅमचा तुकडा आधीच नको म्हणावा. आठवडी बाजारात जर्दाळू आणि पीच अगदी पिकलेले मिळतात. ताजा पाव, टोमॅटो आणि ही फळे घेऊन घाटाच्या कडेला गवतावर बसून केलेले जेवण कोणत्याही उपाहारगृहापेक्षा मला अधिक आवडते.

प्रश्न : आमचा गट लूर्दच्या यात्रेला जाणार आहे. तिथून शर्यत पाहता येईल का? (एक वाचक, वसई)

उत्तर : मार्ग त्या वर्षी जवळून जात असेल तर अवश्य पाहता येईल. लूर्द तार्बपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे, आणि वर सांगितलेले घाट तिथून जवळच आहेत. शर्यतीच्या दिवशी बस वेळेवर पोहोचणार नाही, हे गृहीत धरून त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

प्रश्न : माझे दीर २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी पुण्यात २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करत आहेत. त्याच नावाचा गोड पदार्थ असतो म्हणे. त्याचा या सायकलस्वारीशी काही संबंध आहे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : थेट संबंध आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली. तिच्या सन्मानार्थ १९१० साली मेझों-लाफीत येथील लुई द्युराँ या मिठाईवाल्याने सायकलच्या चाकासारखा गोल पदार्थ तयार केला. हलक्या फुगलेल्या पिठाचे कडे, वर बदामाचे काप आणि आत भाजलेल्या सुक्या मेव्याचे क्रीम, असे त्याचे रूप असते. आता ही स्वारी दर चार वर्षांनी होते. सुमारे १,२०० किलोमीटर अंतर कापायला जास्तीत जास्त ९० तास मिळतात, आणि तीत क्रमांक लावत नाहीत. वाटेतले गावकरी घरासमोर टेबल मांडून रात्री-अपरात्री स्वारांना कॉफी आणि गोड धिरड्यांसारखी क्रेप देतात. दिरांना सांगावे की वेळ कितीही कमी असला तरी अशा एखाद्या टेबलापाशी दोन मिनिटे उतरावे आणि यजमानांना ‘मेर्सी’ म्हणून मगच पुढे जावे. आपण स्वतः ब्रेस्टला गेलात, तर ब्रिटनीतली काळ्या पिठाची ‘गालेत’ ही खारी धिरडी मागवा. ते पीठ आपल्या कुट्टूचेच असते.