मॅटलॅब, फोर्ट्रान की पायथन? आधी लायसन्स कोणाच्या हातात आहे ते बघा

हवामानावर पीएचडी, गाइड मॅटलॅबचा (आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर) आग्रह धरतात, सीनियरचा कोड फोर्ट्रान या जुन्या भाषेत आणि तुम्हाला येतं थोडंफार पायथन. अगदी हेच दुखणं मी भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठली भाषा किती पट वेगवान, याचे तक्ते तुम्हाला पुष्कळ जण देतील. त्यात अडकू नका. मॅट्रिक्सचं जड काम मॅटलॅब आणि पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय, दोघेही शेवटी ब्लास-लॅपॅक या तयार गणिती लायब्ररींवरच सोपवतात. मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळा आहे: तुमचा कोड चालणार की नाही, हे ठरवतं कोण?

आमच्याकडे मॅटलॅबचं वार्षिक नेटवर्क लायसन्स होतं. एका वर्षी नूतनीकरणाची फाइल खरेदी विभागात जाऊन बसली. साहेबांचा मुद्दा असा, की एकदा घेतलेलं सॉफ्टवेअर परत का घ्यायचं? ते पटवलं, तर म्हणे तीन कोटेशनं आणा. एकाच कंपनीचा माल, तीन कोटेशनं कुठून आणायची! मग प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (माल एकाच कंपनीकडे मिळतो असा दाखला), त्यावर सही, सही करणारे रजेवर. इकडे सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) द्यायची तारीख तोंडावर आणि लायसन्स सर्व्हर उघडायलाच तयार नाही. ऑक्टेव्हवर (मॅटलॅबसारखंच फुकट सॉफ्टवेअर) साधा कोड चालला, पण मॅटलॅबच्या टूलबॉक्सची, म्हणजे जोड-पॅकेजांची, फंक्शन्स अडली. पारफॉर (अनेक फेऱ्या एकाच वेळी चालवणारा मॅटलॅबचा लूप) तिथे चालतो, पण साध्या फॉर लूपसारखा, एकामागून एक. समांतर काही होत नाही. आणि खरेदी खात्यात कोणाला घाई म्हणून नव्हतीच. असो, रक्तदाब वाढतो.

जाता जाता: मॅटलॅबच्या जुन्या डेटा फाइल (मॅट फाइल) पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या लोडमॅटने उघडतात, पण व्ही ७.३ या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलेल्या नाही. त्या आतून एचडीएफ५ (मोठ्या डेटाचा एक फॉरमॅट) असतात, पायथनच्या एच५पायने उघडा. ॲरेचे अक्ष उलट क्रमाने येतात, ते लक्षात ठेवा.

माझं मत (मी कॉम्प्युटरवाला नाही, आणि तुमचं काम सिम्युलिंकवर, म्हणजे मॅटलॅबच्या आकृत्या जोडून मॉडेल बनवायच्या साधनावर, असेल तर हे सगळं सोडून द्या): रोजचं काम पायथनमध्ये. फोर्ट्रान लिहिता नाही आलं तरी वाचता आलंच पाहिजे, कारण डब्ल्यूआरएफसारखं हवामानाचं मॉडेल त्यातच आहे आणि जीफोर्ट्रान हा त्याचा कंपायलर फुकट आहे. सीनियरचा कोड नव्याने लिहू नका, एफटूपायने (फोर्ट्रान पायथनला जोडणारं साधन) पायथनमधून बोलवा. ॲरे मात्र फोर्ट्रान क्रमाने, म्हणजे स्तंभांनुसार, साठवा. नाहीतर दर वेळी गुपचूप कॉपी होते आणि मेमरी कुठे गेली कळत नाही. लूप रेंगाळत असेल तर आधी नंबा (पायथन कोड वेगवान करणारी लायब्ररी) लावून बघा.

आणि ज्युलिया ही नवी भाषा? २०१८ मध्ये तिची १.० आवृत्ती आली, भाषा देखणी आहे. पण लॅबमध्ये दुसरं कोणी वापरत नसेल तर रात्री अकराला एरर आल्यावर विचारणार कोणाला?

गाइडशी वाद नको. त्यांच्या जुन्या पेपरमधली एक आकृती पायथनमध्ये काढून दाखवा आणि मगच विषय काढा.