वाचकांचे प्रश्न : पद्म पुरस्कारासाठी शिफारस

प्रश्न : आमच्या भागातील एक परिचारिका सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यानंतरही वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतिणींची आणि तान्ह्या मुलांची विनामूल्य देखभाल करीत आहेत. त्यांना पद्मश्री मिळावी, असे आम्हां ग्रामस्थांना मनापासून वाटते. त्यासाठी आमदार-खासदारांचे पत्र लागते का? आणि अर्जात नेमके काय लिहावे?

उत्तर : असे कोणतेही पत्र लागत नाही. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक दुसऱ्याचे, इतकेच नव्हे तर स्वतःचेही नाव सुचवू शकतो. केंद्रीय गृह मंत्रालय दरवर्षी शिफारशी मागवते आणि त्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइनच स्वीकारल्या जातात. अंतिम मुदत दरवर्षी तीच असते असे नाही, म्हणून ती पोर्टलवर पाहून घ्यावी. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेत असलेले सरकारी कर्मचारी या पुरस्काराला पात्र ठरत नाहीत, मात्र या बाई निवृत्त असल्याने ती अडचण येणार नाही. पुरस्कार सहसा मरणोत्तर दिला जात नाही, म्हणूनही विलंब करू नये.

आडगावातील कामाची दखल कोण घेणार, ही शंका आपल्या मनात असेल तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आठवाव्यात. कधी शाळेत न गेलेल्या या शेतकरी महिलेने गावरान बियाण्यांचे जतन केले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मेळघाटातील बैरागड येथे आदिवासींची रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याला २०१९ मध्ये हाच सन्मान मिळाला. या दोन्ही ठिकाणी कोणी, कोठे, काय केले हे एका वाक्यात सांगता येते. आपल्या अर्जातूनही ते तितक्याच स्पष्टपणे कळले पाहिजे.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कार्याचा परिचय, आणि त्याला ८०० शब्दांची मर्यादा आहे. गौरवपर लेखनाची आपल्याकडील सवय येथे आड येते. ‘थोर समाजसेविका’, ‘अनाथांची माउली’ अशा विशेषणांत निम्मी जागा खर्ची पडते आणि वाचणाऱ्याला त्या व्यक्तीने केले काय, हेच उमगत नाही. त्याऐवजी त्या कोणत्या वर्षापासून, कोणत्या वस्त्यांवर, कशा जातात, पावसाळ्यात रस्ता बंद झाल्यावर काय करतात, औषधांचा खर्च कोठून भागवतात, त्यांनी आणखी कोणाला हे काम शिकवले, हे लिहावे. आकडा द्यायचा असेल तर त्यांच्या वहीतील किंवा आरोग्य केंद्रातील नोंदींवरूनच द्यावा, अंदाजाने फुगवू नये. ज्या घरांत त्यांनी सेवा केली त्या घरांतील स्त्रियांशी आधी बोलावे, कारण समितीच्या सदस्यांना जे सांगायला हवे ते बहुधा त्याच सांगू शकतील. शेवटी हा मजकूर खुद्द त्या बाईंना वाचून दाखवून त्यांची संमती घ्यावी. सत्काराचा संकोच वाटणाऱ्या माणसाचे नाव परस्पर पुढे करणे मला योग्य वाटत नाही.

छाननीचे काम पंतप्रधान दरवर्षी नेमत असलेली समिती करते, कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपतींपुढे मान्यतेसाठी जातात. मरणोत्तर पुरस्कार आणि परदेशस्थ व्यक्ती वगळता वर्षाला १२० पेक्षा अधिक पुरस्कार दिले जात नाहीत. देशाचा विस्तार पाहता ही संख्या फार लहान आहे, म्हणून गावाने आपला सन्मान दिल्लीच्या निर्णयापर्यंत थांबवून ठेवू नये. ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव करावा, आणि त्यात वर सांगितलेले तपशील नोंदवावेत.

प्रश्न : पुरस्कार मिळाल्यास निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी ‘पद्मश्री’ छापता येईल का? सोबत काही रक्कम मिळते का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १८ नुसार राज्यसंस्थेला किताब देता येत नाहीत. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणूनच ते वैध आहेत आणि नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. हा नियम मोडल्यास पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो. मानकऱ्याला राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीची सनद आणि पदक मिळते. रोख रक्कम किंवा रेल्वेप्रवासातील सवलत मिळत नाही. पदकाची छोटी प्रतिकृतीही दिली जाते, ती समारंभात परिधान करता येते.