वाचक विचारतात : संग्रहालय आणि लेझीम, एकाच सहलीत

प्रश्न : आमच्या शाळेची सातवीची सहल पुण्याला जाणार आहे. एकाच दिवशी संग्रहालये आणि पारंपरिक नृत्य यांचा मेळ कसा घालावा?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : सकाळी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, म्हणजे राजाच्या, स्मरणार्थ उभा केलेला हा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाकडे सुपूर्द झाला. दिवे, अडकित्ते, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल हे सारे एका दमात दाखवण्याचा मोह टाळावा. मुलांना वाद्यांच्या दालनात मात्र निवांत रेंगाळू द्यावे, कारण नृत्याचा धागा तिथेच सापडतो. त्यानंतर आदिवासी संग्रहालयात वारल्यांच्या तारपा नृत्याविषयी सांगावे : वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजवणाऱ्याभोवती सारे फेर धरतात, पण त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही.

लेझीम ही पाहण्यापेक्षा खेळण्याची गोष्ट आहे. ती शाळेतूनच न्यावी, सोबत एक हलगी असावी आणि आधी परवानगी घेतलेल्या मैदानावर, जेवणानंतर लगेच नव्हे, तर ऊन उतरल्यावर फेर धरावा.