दर बदलला की सगळा प्रोग्राम का हलतो?

प्रश्न : मी मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर एकट्याने करतो. २२ सप्टेंबर २०२५ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा बिल एंट्री, माल परत, प्रिंट, रिपोर्ट अशा प्रत्येक फाइलमध्ये हात घालावा लागला. वर, जुनं बिल पुन्हा छापलं की कर नव्या दराने दिसू लागला. मित्र म्हणतात, सगळं मोडून मायक्रोसर्व्हिसेस कर, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे स्वतंत्र प्रोग्राम. करू का? हाताखाली एक मुलगाही घेतोय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका करू. तुमचा प्रोग्राम आधीच तुकड्यांत आहे. तुकडे भलत्या ठिकाणी पाडलेत. ते तसेच वेगवेगळ्या सर्व्हिसमध्ये टाकले तर पुढच्या दरबदलाला तितक्याच जागी दुरुस्ती करावी लागेल, आणि मध्ये नेटवर्कची भर पडेल. आज बिल आणि स्टॉक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, म्हणजे दोन्ही नोंदी एकदम होतात किंवा एकही होत नाही. ते दोन सर्व्हिसमध्ये गेले की बिल झालं पण स्टॉक उतरला नाही, अशा तक्रारी एकट्याने निस्तरत बसाल.

माझी नोकरी बहुतेक दुसऱ्यांचे जुने प्रोग्राम सांभाळण्यात गेली आणि तुमच्यासारखी विभागणी मी सतत पाहत आलो. आधी एंट्री, मग हिशेब, मग छपाई, अशी कामाच्या क्रमाने फाइल पाडलेली असते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका लेखात हीच पद्धत तपासली होती. शब्दसूची बनवणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी दोन तऱ्हांनी विभागून दाखवला. क्रमाने विभागलेल्या प्रोग्राममध्ये माहिती साठवायची रीत बदलली की सगळेच भाग बदलावे लागत. दुसऱ्या तऱ्हेत, पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागात, झाकला होता, त्यामुळे बदल तिथेच थांबत होता. मला आजही याहून चांगली कसोटी माहीत नाही.

तुमच्याकडे कर हा असा निर्णय आहे. करासाठी एक मॉड्यूल करा. बाकीच्यांनी त्याला फक्त औषध, तारीख आणि रक्कम द्यायची. त्याने करपात्र रक्कम, सीजीएसटी आणि एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा वाटा) परत द्यायचे. दर एचएसएनवरून (मालाच्या वर्गाच्या कोडवरून) काढला की औषधाच्या नावावरून, हे बाहेर कुणाला कळताच कामा नये. काही औषधांना शून्य दर मिळालाय, त्यामुळे औषधांच्या नुसत्या ३००४ या एचएसएनवर भागत नाही; उद्या ही रीतही बदलेल. दरापुढे ‘कधीपासून’ ही तारीख ठेवाच.

आता जुन्या बिलाचं. ११२ रुपये एमआरपीची, करासहित किमतीची स्ट्रिप घ्या. १२ टक्क्यांनी करपात्र रक्कम १०० आणि कर १२. ५ टक्क्यांनी तीच रक्कम १०६.६७ आणि कर ५.३३. तुमची प्रिंटची फाइल छापताना आजचा दर लावते, म्हणून २० सप्टेंबरच्या बिलावर १०६.६७ येतं. बिल झालं त्या क्षणी दर, करपात्र रक्कम आणि कर बिलाच्या ओळीतच साठवा. प्रिंटने गणित करायचंच नाही, साठवलेलं छापायचं. माल परत आला तर क्रेडिट नोटही मूळ बिलाच्या दरानेच निघते, तेव्हा तिथेही हाच साठवलेला आकडा वापरा.

स्टॉकलाही हाच न्याय. एक्स्पायरी जवळ आलेली बॅच आधी काढायची, हा नियम बिलाच्या स्क्रीनमध्ये लिहिला असेल तर स्टॉकच्या मॉड्यूलमध्ये न्या. आणि डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाचा मालक एकच मॉड्यूल असू द्या. रिपोर्टने परस्पर स्टॉकच्या टेबलात क्वेरी मारून माहिती उचलली की तुमचं मॉड्यूल नावापुरतं उरतं. हे लोक सर्रास करतात आणि मला त्याचा खरोखर राग येतो, कारण कॉलमचं नाव बदलायलाही मग भीती वाटते.

सगळं नव्याने लिहायला बसू नका. दुकानं चालू आहेत. आधी फक्त कर बाहेर काढा. गिऱ्हाइकांकडची जुनी खरी बिलं घ्या, सवलतीची आणि परत आलेल्या मालाचीही, आणि नवं मॉड्यूल पैशापर्यंत तेच आकडे देतं का ते टेस्टमध्ये पडताळा. राउंडिंगचे घोळ इथेच सापडतात. ते जुळल्याशिवाय स्टॉकला हात लावू नका.

नव्या मुलाला छपाई द्या. ८० मिलिमीटरचा थर्मल रोल आणि ए-४ असे दोन्ही नमुने त्याला बिलाच्या साठवलेल्या ओळींवरून काढू द्या. त्यासाठी त्याला कराची फाइल उघडावी लागली, तर बिलाच्या ओळीत काहीतरी साठवायचं राहिलंय. ते आधी भरा.